साई ॲट नमुना डॉट इन

मेल्यानंतर साई खैरनारची बरीच प्रगती झाली. पहिल्याच वर्षी तो बारावी सायन्स पास झाला. जिवंतपणी त्याने कॉमर्स घेतलं होतं, पण असो. मग त्याने पोलीस भरतीचा अर्ज भरला, शेततळ्याच्या योजनेत त्याचं नाव लागलं, त्याच्या मुलीला लस द्यायची तारीख आली आणि पाठोपाठ एका वधूवर मंडळाने त्याला 'आपल्यास अनुरूप स्थळे' पाठवली.

"अण्णा, आधी मुलगी आणि मग लग्न," तृप्ती म्हणाली. "उलटंच चाललंय याचं."

अण्णांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "हल्ली असंच असतं."

अण्णा म्हणजे खंडेराव खैरनार, देवळाली कॅम्पच्या बाजारातल्या नमुना टेलर्सचे मालक. तृप्ती त्यांची थोरली, दुकानात त्यांच्या बरोबरीने शिवणारी. साई तिच्या पाठचा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. एवढं एक सोडलं तर त्याचं सगळं नीट चाललं होतं, आणि ते सगळं साई ॲट नमुना डॉट इन या पत्त्यावर येत होतं.

हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर खैरनारांच्या घरात काही भलतंच चालतं असं कुणाला वाटेल.

दुकानात गिऱ्हाईक सगळं लष्करी. नवीन भरती झालेली पोरं यायची, कुणाचा तरी जुना शर्ट पुढे करायची आणि म्हणायची, "ऐसा ही." म्हणून आजोबांनी पाटीवर 'नमुन्याबरहुकूम शिवून मिळेल' असं लिहायला सांगितलं. पेंटरने 'नमुना' एवढा दणदणीत काढला की पुढच्या मजकुराला पाटीच उरली नाही. दुकानाचं नाव पडलं ते असं.

साई कॉम्प्युटरमधला. त्याने एक दिवस जाहीर केलं की आपलंही ऑनलाइन पाहिजे, आणि नमुना डॉट इन हे नाव विकत घेतलं. वेबसाइटला एकच पान होतं. त्यावर गळ्यात टेप टाकलेले अण्णा, पोलिसांनी फोटो काढावा तसे समोर बघताहेत, आणि खाली 'लवकरच येत आहोत'. पुढे कित्येक वर्षं अण्णा लवकरच येत राहिले.

आले ते मेल. पहिला होता कुणा चिमणाबाईंच्या नावाचा: आपला निराधार योजनेचा अर्ज मिळाला. मग हिरामण, भिका, शकीला, रहेमान. अण्णा म्हणायचे, "आपल्या उधारीत तर यातलं कुणी नाही." साईने माग काढला. नाशिकमध्ये द्वारका चौकात यादव सर नावाचे एक गृहस्थ सेवा केंद्रवाल्यांना ट्रेनिंग द्यायचे. जिल्ह्यातल्या गावोगावच्या पोरांना ते पडद्यावर अर्ज कसा भरायचा ते दाखवायचे. ईमेलचा रकाना रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नाही, आणि पेठ-सुरगाण्याच्या म्हाताऱ्यांकडे ईमेल कुठून असणार? म्हणून यादव सरांनी पडद्यावर उदाहरण टाकलं: अर्जदाराचं नाव, मग ॲट, मग नमुना डॉट इन. पोरांनी वहीत उतरवून घेतलं आणि गावी जाऊन तो सरकारी नियम असल्यासारखा पाळला.

साईला हे इतकं आवडलं की त्याने सेटिंग बदलून टाकलं. ॲटच्या अलीकडे काहीही नाव असो, मेल आत यायचा. "ताई, दरवाजाच काढून टाकलाय. अर्धा जिल्हा आपल्याकडे राहायला आलाय."

बिनदाराच्या घरात जे शिरतं ते सगळं मागून शिरलं. चिमणाबाईंना दुबईत फ्लॅट मिळत होता. शकीलाबींना आणि खुद्द साईलाही दाढीचं तेल. भिका गांगुर्डे यांना एका परदेशी विधवेने आपली सगळी इस्टेट देऊ केली, तीनदा विनवलं, शेवटी ती रागावली. भिकांना त्यातलं काहीच कळलं नाही. साई हे सगळं जेवताना वाचून दाखवायचा आणि अण्णांना ठसका लागायचा.

मग ती लाट आली. अण्णा एका वॉर्डात, साई दुसऱ्यात. साई गेला तेव्हा अण्णांना ऑक्सिजन लावलेला होता, म्हणून त्यांना सांगायचं नाही असं ठरलं. डॉक्टरांना माहीत होतं, आयांना माहीत होतं, शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही माहीत होतं. तृप्तीने गेटबाहेरून एक ॲम्ब्युलन्स पाहिली. तिच्यात साई आहे असं तिला सांगण्यात आलं. तिने मान हलवली, कारण दुसरं काय करायचं असतं ते कुणी सांगितलं नव्हतं. अण्णा घरी आले तोवर दहावा-तेरावाही उरकला होता.

"तू पाहिलंस त्याला?"

"गाडी पाहिली, अण्णा."

पुन्हा त्यांनी विचारलं नाही. साई गेला असं ते कधी म्हणाले नाहीत, आहे असंही म्हणाले नाहीत. घरात कितीजण असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आहोत आपले."

तृप्ती ते नमुना डॉट इन बंद करायला बसली होती. तेवढ्यात बारावीचा मेल आला. 'प्रिय साई, अभिनंदन!' अण्णा मागे उभे होते. त्यांनी तो वाचला, पायात चपला सरकवल्या आणि पेढे घेऊन आले. दुकानात एक सुभेदार पँट न्यायला आले होते. साईला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं, त्याचं झालेलंही त्यांना ठाऊक होतं.

"साई बारावी झाला," अण्णा म्हणाले.

सुभेदारांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, म्हणाले, "बहुत बढ़िया, मास्टरजी." नोकरीत त्यांनी याहून अवघड हुकूम पाळले असतील. तृप्ती आत जाऊन उगीचच कापडाचे तागे रचत बसली.

मग तो रिवाजच झाला. सकाळी दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची आणि साईचे मेल बघायचे. बाकीच्यांचे अण्णा उघडत नसत. "दुसऱ्याचं टपाल आहे," म्हणायचे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला साई गैरहजर राहिल्याचा मेल आला, त्या दिवशी ते दुपारपर्यंत फुरंगटून होते. "उठलाच नसेल. पहिल्यापासून तसाच."

अण्णांना हे साई निरनिराळे आहेत हे कळत नव्हतं का? नुसत्या बाहीची उलटी शिलाई बघून हे काम कुठल्या दुकानातलं ते सांगणारा माणूस. त्याला कळत नसेल? तृप्तीने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं.

यंदा दसरा झाला आणि तो मेल आला. साई हिरामण भोये, तालुका पेठ. नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रतीक्षा यादीतून त्याला जागा मिळाली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. मेल वाचला तो बुधवार होता.

हा बारावीवालाच साई. दरवर्षी अर्ज करणारा, दरवर्षी यादीत खाली कुठेतरी लटकणारा. अण्णांचा चेहरा असा उजळला की तृप्तीला बघवेना.

"नर्सिंग! दवाखान्यात लागणार म्हण की."

"अण्णा, त्याला कळवायला पाहिजे."

"कुणाला?"

"साईला."

शिलाई मशीन थांबलं. इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणी हे नाव असं, बाहेर कुठेतरी असलेल्या माणसासारखं घेतलं नव्हतं.

"आलंय ना इथं," अण्णा म्हणाले. "कळलं."

"इथं आलंय म्हणूनच त्याला कळलेलं नाही."

अण्णांनी हातातल्या शर्टाचं एक काज डोळ्यासमोर धरलं आणि त्यातून पलीकडे काही दिसतं का ते बघत राहिले. "कळवलं की तो पत्ता बदलून घेईल."

"घेईलच. घ्यायलाच पाहिजे."

"मग राहिलं काय? ते दाढीचं तेल?"

"अण्णा, त्याची जागा जाईल."

"बाकीच्यांचा काही भरवसा नाही गं," अण्णा म्हणाले. "हा एकच नीट शिकतोय."

तृप्तीने स्कूटी काढली आणि द्वारका गाठली.

यादव सर केंद्रात एका प्रिंटरला समजावत बसले होते.

"सर, नमुना डॉट इनबद्दल बोलायचं होतं."

"हां, बरोबर. रकाना रिकामा सोडायचा नाही. ते टाकायचं."

"ते आमचं आहे."

"काय आमचं?"

"नमुना डॉट इन. कॅम्पात दुकान आहे आमचं. तुमच्या अर्जांचे सगळे मेल आमच्याकडे येतात."

यादव सर हसले. मग तिच्या तोंडाकडे बघून थांबले. "मॅडम, नमुना असा कुणाचा असतो का? उद्या म्हणाल, अबक पण आमचंच."

"अबक नाही आमचं. ते भावाने घ्यायला बघितलं होतं, आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं."

"आयला." यादव सरांनी प्रिंटर सोडून दिला. "मला वाटायचं ते जातच नाहीत कुठं. हवेत विरतात. मग... किती येत असतील?"

"तुम्ही किती ट्रेनिंग घेतली?"

यादव सर मनात काहीतरी मोजू लागले. मोजता मोजता ते बाटली उचलून पाणी प्यायले.

माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेठकडच्या केंद्रावर फोन लावला. तिथल्या पोराला साई भोये माहीत होता. दोन वर्षं तो दर आठवड्याला येऊन 'माझा काय आला का' म्हणून विचारायचा, आणि हा पोरगा मेलचा पासवर्ड माहीत नसल्याने 'नाय आला' म्हणून सांगायचा. आता साई मोहाडीकडे द्राक्षाच्या छाटणीला गेला होता. फोन बंद. शेतमालकाचं नाव तेवढं मिळालं.

"मी असं करतो," यादव सर म्हणाले, "ग्रुपवर टाकतो."

"ग्रुपवर नको, सर. तुम्ही सगळ्यांना काही सांगू नका थोडे दिवस."

ती कॅम्पात परतली तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर अण्णा उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये मेलचा छापील कागद. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी तो काढून आणला होता.

"सापडला?"

"मोहाडीला आहे. छाटणीवर."

"चल मग."

ती बघतच राहिली. अण्णा स्कूटीवर मागे बसले, फाइल पोटाशी धरली आणि तिच्या खांद्याशी म्हणाले, "वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं, तृप्ते. जेवण आणणाऱ्यालासुद्धा. तो माझ्याकडे बघायचाच नाही, ताट ठेवून पळायचा. ज्याचं त्यालाच माहीत नाही आणि बाकी सगळ्यांना माहीत, हे लय वाईट असतं."

तृप्तीने स्कूटी मोहाडीच्या रस्त्याला लावली.

बागेत बायामाणसं ओळीने वाकलेली, छाटलेल्या काड्यांना औषध लावत होती. मुकादमाने हाक मारली, "साई कोण रे?" आणि दोघं उभे राहिले.

"हिरामणचा," तृप्ती म्हणाली. एकजण पुन्हा वाकला. अण्णा त्या वाकलेल्याकडेही क्षणभर बघत राहिले.

राहिला तो बुटका, काटकुळा, कान बाहेर आलेला पोरगा. हात औषधाने लाल झालेले. आपल्या साईसारखं त्याच्यात काही म्हणजे काही नव्हतं. तृप्तीला याची भीती वाटत होती की आशा, ते तिचं तिलाच ठरवता येईना.

"मी काय केला?" पोराने विचारलं.

"पास झालास," अण्णा म्हणाले. "म्हणजे, जागा मिळाली. नर्सिंगला. शुक्रवारी जायचंय. वाच."

त्याने हात पँटला पुसले, तरी कागदाला लाल बोटं लागलीच. त्याने वाचला. परत वरून वाचला. ओठ हलत होते.

"पन मला मेल नाय आला."

"आमच्याकडे आला."

"तुमी कोन?"

अण्णांनी फाइलचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"टपाल येतं आमच्याकडं," ते म्हणाले.

"पोस्टात हाय का तुमी?"

"तसंच समज."

"मंग आधीचं बी आलं व्हतं? बारावीचं?"

"आलं होतं की. पेढे वाटले मी."

पोरगा हसला. त्याला काहीच कळलेलं नव्हतं, पण पेढे वाटले म्हणणाऱ्या माणसावर रागावता येत नाही. अण्णांना मात्र एकदम काहीतरी आठवलं. आवाज चढला. "आणि भरतीला मैदानावर का गेला नाहीस रे? एवढा फॉर्म भरलास आणि..."

"कोन्ती भरती? मी नाय भरला पोलीसचा."

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी पोराकडे नीट पाहिलं, कानांकडे, लाल हातांकडे, मातीत रुतलेल्या अंगठ्याकडे.

"असं होय," ते सावकाश म्हणाले. "तो दुसरा असेल."

संध्याकाळच्या गाडीने गावी जाऊन कागद घेऊन येतो म्हणाला पोरगा. तृप्तीने बांधावर बसून त्याच्याच फोनवर त्याला नवा मेल पत्ता काढून दिला. रेंज येत-जात होती. अण्णा वाकून बघत होते.

"नमुना नाही ना घातलंस त्यात?"

"नाही, अण्णा."

"नको घालूस."

शनिवारी कॉलेजचा मेल आला. प्रवेश निश्चित झाला होता आणि उमेदवाराच्या विनंतीवरून हा ईमेल पत्ता त्यांच्या नोंदीतून काढून टाकण्यात येत होता. यापुढे या पत्त्यावर काही कळवलं जाणार नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व. अण्णांनी तो दोनदा वाचला. उदबत्ती लावायची त्या दिवशी राहूनच गेली.

"लिही," ते म्हणाले.

"काय?"

"असं करता येतं ना, कुणीही साईला मेल टाकला की त्याला आपलं उत्तर जाईल? आणि आजवर ज्यांचे ज्यांचे आलेत, त्यांनाही जाईल?"

"येतं."

"मग लिही. साई खंडेराव खैरनार, राहणार देवळाली कॅम्प..." अण्णा थांबले. बाहेर तोफखान्याच्या सरावाचा धबधब आवाज चालला होता, तो थोडा वेळ ऐकला. "किती तारखेला गेला तो?"

तृप्तीचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. तिने तारीख सांगितली.

"वार?"

"गुरुवार."

"गुरुवार," अण्णा म्हणाले. "सकाळी?"

"दुपारी. दोनच्या सुमाराला."

"मी जेवलो असेन तेव्हा." मग घसा साफ करून, "टाक. या तारखेस वारले. यापुढे या पत्त्यावर कोणी साई राहत नाही. बाकीच्या साईंना कृपया त्यांच्या त्यांच्या घरी कळवावे. आपला, खंडेराव." त्यांनी विचार केला. "'आपला' काढ. नुसतं खंडेराव."

तिने पाठवलं.

माणसं असती तर उत्तराला वेळ लागला असता. मशीनच ती. डोळ्याचं पातं लवतंय तोवर मेल धडाधड येऊन पडू लागले. प्रिय साई, आपला संदेश मिळाला. प्रिय साई, आपली तक्रार नोंदवली गेली आहे. प्रिय साई, प्रोफाइल अद्ययावत केल्याबद्दल धन्यवाद, आता आपल्याला अधिक अनुरूप स्थळे पाठवता येतील. तेलवाल्यांनी लिहिलं होतं, साई, तू परत आलास, आम्हाला तुझी आठवण येत होती.

"काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

तृप्तीने शेवटचा तेवढा वाचला नाही. "मिळालं म्हणतात. लवकरच संपर्क साधू म्हणतात."

अण्णांनी मान हलवली, बरं म्हणावं तशी. आणि मग ते रडू लागले. आधी नुसते खांदे, मग आवाज, मग असा आवाज की समोरचा झेरॉक्सवाला दारात येऊन उभा राहिला.

दुकानात एक नवीन भरतीचा पोरगा माप द्यायला आला होता. आता काय करायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. निघून जावं तरी पंचाईत, थांबावं तरी पंचाईत. शेवटी, मास्टरजी माप घेतात तेव्हा उभं राहायचं असतं तसा तो ताठ झाला, दोन्ही हात त्याने बाजूला पसरले, आणि अण्णांसमोर तसाच उभा राहिला.